विचारमंथनातले ताक

बँकेत चिकटून मला बावीस वर्षे झाली. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबले, टेबल तेवढेच राहिले. या बावीस वर्षांत मी पुष्कळ पाहिले. २०१६ची नोटाबंदी पाहिली, बँकांची विलीनीकरणे पाहिली, एका दिवसात चार वेळा 'सर्व्हर डाऊन' झालेला पाहिला. पण तीन वर्षांपूर्वी जुलैत वरून ते परिपत्रक आले तेव्हा शाखेत जी शांतता पसरली, ती मी नोटाबंदीतही अनुभवली नव्हती. ग्राहकसेवा सुधारण्यासाठी प्रत्येक शाखेने 'ब्रेनस्टॉर्मिंग सेशन' घ्यावे, किमान पंचवीस कल्पना काढाव्यात आणि आठ दिवसांत अहवाल पाठवावा, असे त्यात म्हटले होते.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. मी मासिकांतून काहीबाही लिहितो हे शाखेला ठाऊक असल्यामुळे, ज्याचा अर्थ लागत नाही असा कुठलाही कागद शेवटी माझ्या टेबलावर येतो.

"हे ब्रेनस्टॉर्मिंग म्हणजे नक्की काय हो?"

"विचारमंथन, साहेब."

"मग सरळ मंथन म्हणा की! त्यात काय, बसायचं आणि घुसळायचं."

इथेच घोटाळा झाला. मंथन म्हटले की मराठी माणसाला क्षीरसागर आठवतो आणि चौदा रत्ने आठवतात. रत्नांबरोबर हलाहलही वर आले होते आणि ते कुणाला तरी प्यावे लागले होते, हे तो सोयीस्करपणे विसरतो. वासुकीच्या शेपटीकडे देव होते आणि फूत्कार सोडणाऱ्या तोंडाकडे दैत्य, हेही विसरतो. बँकेत या तोंडाकडच्या बाजूला काउंटर म्हणतात.

पहिल्या शनिवारी कामकाज आटोपल्यावर आम्ही अकरा जण केबिनमध्ये दाटीवाटीने बसलो. वडे आले. साहेब म्हणाले, "अगदी मोकळेपणाने बोला. माझी कशालाही हरकत नाही. आता माझ्या मते काउंटरसमोर दोन कुंड्या ठेवाव्यात. हं, बोला."

त्यानंतर पाऊण तास आम्ही अगदी मोकळेपणाने कुंड्यांवर बोललो. कुंड्या मातीच्या असाव्यात, असे हेडकॅशियर बाईंनी सुचवले. बिहारहून आलेला आमचा तरुण ऑफिसर म्हणाला, "सर, तुलसी भी लगा सकते हैं." कर्ज विभागाने तीन दरपत्रके मागवण्याची सूचना केली. मी स्वतः कुंड्यांवर बँकेचे नाव रंगवावे, असे सुचवले. साहेबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले.

तेवढ्यात चहाची किटली घेऊन आलेले शिपाईकाका दारातच थांबले. "साहेब, एक बोलू का? नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला म्हातारी माणसं दोन-दोन तास उभी असतात. त्यांना बाकावर बसवावं अन् रजिस्टरच त्यांच्याकडं न्यावं."

मी पटकन म्हणालो, "काका, त्यापेक्षा घरीच जाऊ या की त्यांच्या! सही घेऊ, जेवू, पाय चेपू आणि परत येऊ."

खोली हसली. हसताना साहेबांचा वडा चटणीत पडला. काकाही हसले. त्यांनी कप भरले आणि ते गेले. पुढे कुठल्याच मीटिंगमध्ये ते चहाखेरीज काही घेऊन आले नाहीत. मला मात्र त्या संध्याकाळी स्वतःच्या हजरजबाबीपणाचा इतका अभिमान वाटला की, घरी जाऊन तो विनोद मी बायकोलाही सांगितला. ती हसली नाही. तिचे डोके दुखत असावे, अशी मी समजूत करून घेतली.

अहवाल वेळेवर गेला. पंचवीस कल्पनांपैकी नऊ कुंड्यांच्या होत्या.

मग नोव्हेंबर आला. पहिल्याच आठवड्यात पेन्शनरांची रांग दाराबाहेर, पायऱ्यांपर्यंत गेली. रांगेत आमच्या हायस्कुलातले संस्कृतचे सर होते, वय ८१. उभ्या उभ्या त्यांनी डोळे मिटले, आधाराला कुंडी धरली आणि कुंडीसकट आडवे झाले. कुंडीवर रंगवलेले बँकेचे नाव बरोबर वरच्या बाजूला आले. किटली टाकून काका धावले, त्यांनी सरांचे डोके मांडीवर घेतले, पाणी मारले. डॉक्टर आले. उपाशीपोटी उभे राहिल्यामुळे चक्कर आली, बाकी काही नाही, म्हणाले. दहा मिनिटांनी सर उठून बसले आणि म्हणाले, "हयात असल्याचा दाखला द्यायला आलो होतो, पुरावाच हातचा जात होता."

सगळे हसले. काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी बघितले असते तर बरे झाले असते.

कॉमर्सच्या पदवीधराला मनाची बोचणी लागली की तो खाते तपासतो. हे ब्रेनस्टॉर्मिंगचे खाते कुणी उघडले, त्यात जमा काय आणि खर्च काय, हे बघायचे मी ठरवले. पुढचे दोन महिने वाचनालय पालथे घातले, मुलीच्या मोबाईलचा डेटा संपवला. हाती लागलेला हिशेब असा :

हा शब्द इंग्रजीत मुळी मीटिंगचा नव्हेच, वेडाचा आहे. १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी थॉ नावाच्या एका गर्भश्रीमंताने स्टॅनफर्ड व्हाइट या नामवंत वास्तुशिल्पज्ञाला भर करमणुकीच्या कार्यक्रमात गोळ्या घातल्या. १९०७च्या खटल्यात आरोपीच्या बाजूने डॉक्टर उभे राहिले आणि त्याच्या मेंदूत त्या वेळी 'ब्रेनस्टॉर्म', म्हणजे वादळ झाले होते, असे सांगण्यात आले. वर्तमानपत्रांनी शब्द उचलून धरला. ज्यूरीचे एकमत होईना. म्हणजे तीही एक मीटिंगच. १९०८ साली दुसऱ्या खटल्यात वेडाच्या कारणावरून थॉ सुटला. थोडक्यात, मीटिंगनंतर कुणाच्या हातून काही कमीजास्त झाले तर या शब्दाला कोर्टाचा आधार आहे.

या वेड्या शब्दाला शहाणा करणारे गृहस्थ म्हणजे अॅलेक्स ऑसबॉर्न. जन्म १८८८, मृत्यू १९६६. धंदा जाहिरातीचा. १९१९ साली दोन भागीदारांबरोबर त्यांनी एजन्सी काढली. १९२८ साली ती दुसऱ्या एका एजन्सीत मिसळली आणि 'बॅटन, बार्टन, डर्स्टाईन अँड ऑसबॉर्न' असे नाव तयार झाले. हे नाव उच्चारताना जिन्यावरून ट्रंक गडगडत खाली आल्यासारखे वाटते, असा विनोद त्या काळी अमेरिकेत प्रचलित होता. ज्याने विलीन झालेल्या बँकांचे रबरी शिक्के वापरले आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही.

तर १९३९ साली ऑसबॉर्नसाहेबांनी आपल्या कंपनीत अशा बैठका सुरू केल्या. बसणाऱ्यांनीच त्यांना 'ब्रेनस्टॉर्म सेशन' हे नाव पाडले. ऑसबॉर्न यांनी अर्थ दिला तो वादळाचा नव्हे, हल्ल्याचा. अडचणीवर सगळ्यांनी मिळून डोक्याने तुटून पडायचे. म्हणजे मंथनापेक्षा आपल्या मावळ्यांच्या छाप्याच्या जवळचा. १९४२पासून ते यावर पुस्तके लिहू लागले. १९५३ साली 'अप्लाइड इमॅजिनेशन' हे पुस्तक आले आणि हा हल्ला कंपन्यांतून, सरकारी कचेऱ्यांतून, लष्करातून सगळीकडे पसरला. आमच्या तालुक्याला पोचायला त्याला सत्तर वर्षे लागली. पण आमच्याकडे एसटीसुद्धा उशिराच येते.

ऑसबॉर्न यांचे नियम चारच. पहिला : कुणाच्याही कल्पनेवर टीका नको, निवाडा नंतर. दुसरा : कल्पना जितकी अचाट तितकी चांगली. तिसरा : आधी संख्या, गुण नंतर. चौथा : दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घाला, दोन कल्पनांची सोयरीक जुळवा.

हे वाचल्यावर मी आमच्या सेशनचा ताळेबंद मांडला. चौथा नियम आम्ही कुंड्यांच्या बाबतीत कसोशीने पाळला होता. तिसऱ्याला पंचवीसचा आकडा वरूनच आला होता. दुसऱ्याच्या वाटेला कुणी गेले नाही. आणि पहिला नियम मोडला होता तो फक्त एकदा, एकाच माणसाने, एकाच वाक्यात. हसून टाकणे म्हणजे टीका नव्हे, अशी पळवाट मी शोधून पाहिली. नियमात ती सापडली नाही.

त्याच पुस्तकात एक गंमत आहे. ही पद्धत नवी नाही, भारतात हिंदू गुरू ती चारशेहून अधिक वर्षे वापरत आले आहेत आणि तिचे नाव 'प्राय-बर्शना', असे ऑसबॉर्न सांगतात. प्राय म्हणजे 'स्वतःच्या बाहेर' आणि बर्शना म्हणजे 'प्रश्न'. या बैठकीत चर्चा नाही, टीका नाही. हे वाचून माझी छाती फुगली आणि लगेच शंका आली. शंका विचारायला, आणि खरे तर तोंड दाखवायला, मी सरांच्या घरी गेलो.

सर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "प्राय म्हणजे बहुधा. बर्शना माझ्या कुठल्याच कोशात नाही रे. 'प्रश्न' असेल, समुद्र ओलांडताना हातपाय मोडले असतील त्याचे. पण काय रे, चारशे वर्षं टीका न करता बसलेली माणसं, आणि ती आपल्या देशात? तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा कशी असते?"

मी हसलो आणि मग काकांची गोष्ट सांगून टाकली. सर बराच वेळ झोका घेत राहिले.

"वर्गात तू चुकीची रूपं सांगायचास. मी काय करायचो?"

"पट्टी मारायचात, सर."

"मारायचो. ते चुकलंच माझं. पण हसायचो का?"

"नाही."

"पट्टी खाल्लेलं पोर दुसऱ्या दिवशी हात वर करायचं. ज्याला वर्ग हसला, ते पोर मॅट्रिक होईपर्यंत हात वर करायचं नाही. सरबत घेतोस का?"

सरबत गोड होते. ते घशाखाली उतरायला वेळ लागला.

आता खर्चाची बाजू. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी या पद्धतीची परीक्षाच घेतली. अठ्ठेचाळीस विद्यार्थ्यांचे चार-चारांचे बारा गट केले आणि दुसऱ्या अठ्ठेचाळीस जणांना एकेकटे बसवले. नियम सगळ्यांना ऑसबॉर्नचेच. एक प्रश्न असा होता : इथून पुढे जन्मणाऱ्या माणसांना प्रत्येक हाताला एक अंगठा जास्त आला, तर फायदे-तोटे काय? (माझे उत्तर : नोटा मोजणे भराभर होईल, पण अंगठा उठवणाऱ्या खातेदाराला 'कुठला?' असे विचारावे लागेल.) एकेकट्यांच्या उत्तरांची नंतर कागदावर चार-चारांची मोट बांधली आणि दुहेरी आलेल्या कल्पना एकदाच धरल्या. तरी या कागदी गटांच्या कल्पना खऱ्या गटांच्या जवळजवळ दुप्पट निघाल्या. म्हणजे चौघे एकत्र बसले की चौघांचे काम होत नाही, दोघांचेच होते. वडे मात्र चौघांना लागतात.

असे का व्हावे? एक कारण माणसाच्या पाठीतच आहे. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनियरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ साली त्याने आकडे छापले. आठ जण मिळून ओढू लागले की दर माणशी जोर एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर येतो. दोरी साऱ्यांची झाली की ती कुणाचीच राहत नाही. आमच्या शाखेत हा प्रयोग रोज होतो. फक्त दोरीच्या जागी टेलिफोन असतो, जो वाजत राहतो.

दुसरे कारण भीती. साहेबांनी कुंडी म्हटल्यावर बाक कोण म्हणणार? आणि तिसरे, सगळ्यांत साधे कारण १९८७ साली डील आणि श्ट्रोबं या दोघांनी जर्मनीत दाखवून दिले. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात आणि थांबता थांबता मनातली गोष्ट हरवते. रांगच की ही! कल्पनांची रांग. आमच्या सरांसारख्या काही कल्पना उभ्या उभ्या डोळे मिटतात.

पण ऑसबॉर्न यांच्यावर अन्याय नको. आधी एकट्याने विचार करा, मग गटात बसा, मग पुन्हा एकट्याने विचार करा, असे त्या भल्या माणसाने लिहून ठेवले होते. जगाने मधला भाग तेवढा उचलला, कारण चहा-बिस्किटे मधल्या भागात असतात. १९६८ साली जर्मनीत बर्न्ड रोरबाख यांनी यावर तोडगा काढला : बोलूच नका, लिहा. सहा माणसे, प्रत्येकाच्या तीन कल्पना, पाच मिनिटे. मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात एकशे आठ कल्पना. एकशे आठ! जपमाळेचे मणीही तेवढेच. हे तरी आपल्याकडून गेले असावे, असे वाटून मी पुन्हा सरांकडे जाणार होतो. पण मग थांबलो.

जानेवारीत मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो आणि म्हणालो, "साहेब, मंथन पुन्हा करू या. पण गप्प बसून."

साहेब माणूस चांगला. तो सरांचा प्रसंग त्यांनाही लागला होता. त्यांनी एवढेच विचारले, "माझं अक्षर ओळखू येईल का हो?"

"येईल साहेब. म्हणून छापील अक्षरात लिहा."

विषय 'ग्राहकसेवा' असा गावभर पसरलेला नव्हता. 'नोव्हेंबरात पेन्शनरांना कमी त्रास कसा होईल?' एवढाच. दोन दिवस आधी सांगितला. शिपाईकाकांना किटलीशिवाय बोलावले आणि खुर्ची दिली. बारा जण, प्रत्येकी पाच कोऱ्या चिठ्ठ्या, वीस मिनिटे, तोंडे बंद. चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. वाचायला हेडकॅशियर बाई, कारण त्या नोटा वाचतात तशाच चिठ्ठ्या वाचतात : एका सुरात, चेहऱ्यावर काही न दाखवता. ऐकताना कुणी 'हॅ' म्हटले तर त्याने सर्वांना भजी द्यायची.

मराठीत म्हण आहे, ताकाला जाऊन भांडे लपवू नये. मीटिंगला जाणारा प्रत्येक जण हेच करतो. काहीतरी हवे असते, काहीतरी सांगायचे असते, पण भांडे पदराखाली. त्या वीस मिनिटांत बारा भांडी बाहेर आली. साठ चिठ्ठ्यांपैकी सहा कोऱ्या, कुंडीची एकच, तीही छापील अक्षरात. बाकीच्यांत काय काय निघाले! आमचा बिहारी ऑफिसर आजोबांजवळ वाढलेला. गुडघे दुखणाऱ्यांना पायऱ्या टाळता याव्यात म्हणून मागचे दार उघडावे, असे त्याने लिहिले. मोबाईलवर होणारा डिजिटल दाखला २०१४ सालापासून आहे, तो ज्यांना चालतो त्यांना ऑक्टोबरातच शिकवावा, असे कुणी लिहिले. वरच्या मजल्यावर अडगळीत पडलेले सहा बाक खाली आणावेत, असे तिघांनी लिहिले. बाक आहेत हेच बाकीच्यांना माहीत नव्हते. आणि एका चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात एवढेच होते : 'उभ्या माणसाला आधी बसवा. मग काय ते विचारा.'

बाईंचा सूर तिथे किंचित हलला.

लहानपणी आई श्रावणी सोमवारी खुलभर दुधाची कहाणी वाचायची. राजाच्या हुकमाने गावाने सगळे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले तरी तो भरला नाही. एका म्हातारीने घरची मुले-वासरे तृप्त करून उरलेले खुलभर दूध आणले आणि गाभारा भरला. त्या वेळी मला तो देवाचा चमत्कार वाटायचा. आता वाटते, आमच्या जुलैच्या अहवालात हुकमाचे दूध होते. पंचवीस घागरी, आणि गाभारा रिकामाच.

त्या नोव्हेंबरात बाक खाली आले, मागचे दार उघडले. रजिस्टर घेऊन बाकाबाकांवरून फिरायचे काम मी मागून घेतले. सर आले, बसले, बसल्या बसल्या सही केली आणि म्हणाले, "आता जेवायला कधी येतोस? पाय चेपायचेत ना?" म्हणजे माझा विनोद मी त्यांना सांगताना शब्दशः सांगितला होता तर!

काकांची मी माफी मागितली का, असे तुम्ही विचाराल. मागायला गेलो होतो. त्यांनी मला पुरते बोलू दिले नाही. "जाऊ द्या हो, चहा गार होतोय," म्हणाले. एरवी माझा हिशेब तिथेच मिटला असता. पण त्या साठ चिठ्ठ्यांतली त्रेचाळिसाव्या क्रमांकाची चिठ्ठी मी अजून पाकिटात ठेवली आहे. अक्षर तेच, ठसठशीत. बाईंनी ती इतर चिठ्ठ्यांच्याच सुरात वाचली होती : 'तीन नंबरच्या काउंटरवाल्यांनी मीटिंगमध्ये विनोद करू नयेत. लिहावेत. लिहितात बरे.'

तीन नंबरच्या काउंटरवर मी बसतो. 'हॅ' म्हणायची सोय नव्हती. मी मुकाट्याने क्रमांक घातला आणि पुढची चिठ्ठी ऐकू लागलो.